उपड्या बादलीचा उन्हाळा

चैत्र लागला की माझे हात शिवशिवायला लागतात. डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे खाली बसायला बंदी केली आहे. लेक फोनवर सांगते, "आई, पापड विकत मिळतात गं, चांगले मिळतात." मिळत असतील. मी कुठे नाही म्हणते? पण उडदाची डाळ दळून आणली, हिंगाचा वास ओट्यावर पसरला, की मला आपलं बरं वाटतं. औषधाच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडतं. यंदाही दळून आणली आणि सकाळी सकाळी मिरी वाटायला मिक्सर लावला, तर पाच मिनिटांत दारावर टकटक.

समोरच्या फ्लॅटमधली पूजा. अलाहाबादकडची पोरगी, लग्न होऊन तीन महिने झालेत. नवरा इथल्या एमआयडीसीत गोळ्या-औषधांच्या कारखान्यात आहे. दारात उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आंटी, बुरा मत मानना. मिक्सर थोड़ा बारह बजे के बाद चला लोगी? इनकी नाइट है. अभी सोए हैं."

मी मिक्सरचं बटण बंद केलं आणि हसायलाच लागले. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, म्हातारीला राग आला किंवा डोक्यावर काही परिणाम झाला. मी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "अगं, मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा याच बोईसरला एक अख्खा उन्हाळा तोंडावर बोट ठेवून काढलाय."

तेवढ्यात हे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि केवढ्यांदा तरी म्हणाले, "मिक्सर का बंद केलास? बिघडला?"

पूजाने चटकन आपल्या दाराकडे बघितलं. मी ह्यांना हाताने 'हळू' म्हटलं. पण हळू म्हणजे काय ते ह्यांना आता कळत नाही. तीस वर्षं कापडाच्या मागांच्या खडखडाटात उभे राहिले, कान तिथेच ठेवून आले. मजा बघा, ज्या माणसाच्या झोपेसाठी मी माझं सगळं तरुणपण कुजबुजत काढलं, त्याला आता "चहा घेता का" हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं. मी म्हणते, परमेश्वराकडे थट्टेखोरपणा आहे. नसता तर त्याचं आणि माझं जमलं नसतं.

तर तो उन्हाळा.

माझं माहेर खानदेशात, अमळनेरच्या पुढे एका खेड्यात. आमच्याकडे बोलायचं ते शेताच्या या बांधावरून त्या बांधावर. घरातसुद्धा तसंच. माझी आई चुलीपाशी बसून गल्लीच्या टोकाला असलेल्या काकूशी भाजीबद्दल बोलायची आणि काकू तिकडून मीठ किती ते सांगायची. अशा घरातली मी मुलगी, आणि मला दिली कुठे, तर बोईसरला, दहा खोल्यांच्या चाळीत, जिथे दहातल्या निदान तीन खोल्यांत दिवसाउजेडी माणसं झोपलेली असायची.

सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. पाळ्यांचं हे गणित मला आधी पाठ करावं लागलं, मग नवऱ्याचा स्वभाव. पंधरा दिवसांनी पाळी बदलायची. कोणी मागावर, कोणी रंगखात्यात, कोणी केमिकलमध्ये. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला आडवा व्हायचा तो तीनच्या भोंग्याला उठायचा. तोवर चाळीने श्वास घ्यायचा तोही बेताने.

आणि कोणाच्या खोलीत माणूस झोपलंय हे कसं कळायचं? तर दारात उपडी बादली. ही त्या चाळीची रीत. कोणी सुरू केली ठाऊक नाही, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. बादली उपडी दिसली की दूधवाला कडी वाजवायचा नाही, पोरं त्या दारापुढून चवड्यांवर जायची, भाजीवाली नुसती भेंडी वर धरून दाखवायची आणि आम्ही बोटांनी पाव की अर्धा ते सांगायचो. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. ती फुरफुरायला लागली की पळीच्या टोकाने हळूच उचलायची, वाफ सोडायची, परत ठेवायची. शेजारच्या शकुंतलाताई त्यात इतक्या तरबेज होत्या की त्यांच्या कुकरला आवाज असतो हे त्यांच्या मुलांना शाळेत गेल्यावर कळलं, असं चाळीत म्हणायचे.

या शकुंतलाताई साताऱ्याकडच्या. उंच, काटक, डोळ्यांनी बोलणाऱ्या. नळावर पाण्यावरून त्यांचं एकीशी वाजलं होतं ते मी पहिल्याच आठवड्यात बघितलं. दोघी हातवारे करताहेत, डोळे मोठे करताहेत, ओठ हलताहेत, आवाज नाही. शेवटी शकुंतलाताईंनी तीन बोटं वर केली. समोरचीने मान हलवली. म्हणजे उरलेलं भांडण तीननंतर. तीन वाजले, भोंगा झाला, दोघी बाहेर आल्या, आणि भांडण कशावरून होतं तेच दोघींना आठवेना. मग चहा झाला.

आज मला हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा माझा जीव गुदमरत होता. मला बोलल्याशिवाय स्वयंपाक येत नाही, अजूनही येत नाही. ह्यांचा स्वभाव आधीच अबोल, त्यात कारखान्यातून आले की कान बधिर आणि डोळे जड. दिवसभर मी त्या बारा-बाय-दहाच्या खोलीत भिंतीशी बोलायची, तेही ओठांतल्या ओठांत. फाल्गुन संपेपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं. आमच्याकडे आखाजीचा सण मोठा. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गळा फाटेपर्यंत गाणी म्हणतात. न्यायला भाऊ येतो. म्हटलं, आखाजीला जायचं आणि परत यायचंच नाही. नवऱ्याने काय ते कारखान्याशी लग्न करून सुखाने राहावं.

हे कोणाला सांगितलं नाही. सांगायला आवाज कुठे होता?

मग पापड सुरू झाले. चाळीची मालकीण जनामावशी. इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. अंगाने गोल, नऊवारी गुडघ्याच्या वर कसलेली, कानात जुनी कुडी. तिने एका सकाळी मला खुणेने अंगणात बोलावलं. बाजेवर साडी अंथरलेली, तिच्यावर आदल्या दिवशीचे पापड. माझ्या हातात एक लांब बांबू दिला, टोकाला फडकं बांधलेला, आणि कानाशी येऊन म्हणाली, "कावळं राख. वरडायचा नाय. नुसता हलवायचा."

आता, कावळ्याला न ओरडता हाकलायचं ही गोष्ट तुम्ही कधी करून बघितली आहे का? कावळा फडक्याला भीत नाही हो, तो माणसाच्या आवाजाला भितो. आणि त्या चाळीचे कावळे तर पिढीजात निर्ढावलेले. त्यांना माहीत होतं की इथल्या बायका ओरडत नाहीत. बांबू डावीकडे नेला की ते उजवीकडे उतरायचे. एक तर अगदी बाजेच्या खुरावर बसून, मान तिरकी करून, माझ्याकडे बघत पापडाचा तुकडा चावत होता. चवीने.

दोन दिवस मी सोसलं. तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला तोच कावळा आख्खा पापड उचलून निघाला आणि माझ्यातली अमळनेरची पोरगी जागी झाली. मी पोटाच्या तळापासून हाक घातली. "हाऽऽऽड!" आमच्या ज्वारीच्या शेतात माळ्यावरून घालतात तशी.

कावळे उडाले. चाळीचे, शेजारच्या चिंचेवरचे, बहुतेक स्टेशनपर्यंतचे सगळे उडाले. आणि तीन दारं धाडकन उघडली.

तीन रात्रपाळीवाले बाहेर. एक पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, एक लुंगी हाताने धरून, एक बायकोचा टॉवेल गुंडाळून. तिघांच्याही नाकातोंडावर ओली फडकी. तिघंही आभाळाकडे बघताहेत. कारण काय, तर कारखान्यात त्यांना शिकवलेलं. कुठे वायू सुटला, आरडाओरडा झाला, तर घाबरायचं नाही. फडकं ओलं करायचं, नाकाला लावायचं, वारा कुठून येतोय बघायचं आणि वाऱ्याला आडवं निघायचं. झोपेतसुद्धा अंगात मुरलेलं. तिघं अंगणाच्या मधोमध उभे राहून चिमणीचा धूर कुठे वाकलाय ते बघत होते, आणि मी बांबू धरून त्यांच्याकडे.

लुंगीवाल्यांनी फडक्याआडून विचारलं, "कोणत्या कंपनीत?"

मी म्हटलं, "कावळा होता."

तिघं आत गेले. दारं लागली. शकुंतलाताई उंबऱ्यात उभ्या होत्या, पदर तोंडावर घट्ट दाबलेला, डोळे लाल. जनामावशी माझ्याकडे पाठ करून भिंतीला धरून उभी. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, संतापाने. मी बांबू खाली ठेवला, खोलीत गेले, कडी लावली. तीननंतर हे पाळीवरून आले तेव्हा त्यांना गेटवरच कळलेलं होतं. ते म्हणाले, "कावळा?" मी म्हटलं, "हो." ते जेवायला बसले.

त्याच संध्याकाळी मी भावाला पत्र टाकलं. आखाजीला न्यायला ये, मोठी पेटी आहे, तयारीने ये.

दुसऱ्या दिवशी मला कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. हे पहिल्या पाळीला गेले की मी बादली रिकामी केली आणि दारात उपडी ठेवली. खोटी. आत कोणी झोपलेलं नव्हतं, मी होते, लोळत, रडत, मधे उठून गूळ-शेंगदाणे खात. दिवसभर कोणी दार वाजवलं नाही. आमच्या दारावरून पावलं हलकी होऊन जायची ते मला आतून कळत होतं. एकदा कोणाचं तरी भांडं पडलं आणि लगेच सगळं चिडीचूप झालं. भांड्यानेसुद्धा जीभ चावली असावी.

तीनचा भोंगा होताच बादली उचलायला दार उघडलं तर जनामावशी पायरीवर लसूण सोलत बसलेली.

"काय गो पोरी. घोव तुजा पयल्या पालीला हाय. मंग बादली कोनाची?"

मी बादली सरळ केली.

"झोप लागली?"

"नाही."

"उद्या पन ठेव, ठेवायची तर." तिने लसणाची पाकळी सुपात टाकली. "परवा नको. परवा शेतावर पीठ कुटायला जायाचा हाय, तू पायजेस."

"मावशी, तुम्हाला माहीत होतं आत कोणी झोपलेलं नाही?"

"आख्ख्या चाळीला म्हायती. पाल्या आमाला तोंडपाट."

"मग गप्प का राहिलात सगळ्या?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी पाणी ओलं का असतं ते विचारलंय. "बादली उपडी होती ना."

पलीकडच्या दारातून शकुंतलाताईंनी खालच्या आवाजात भर घातली, "आणि माझी डाळ कच्ची राहिली तुझ्यापायी. शिट्टी उचलून उचलून वाफच धरेना."

मी ते ऐकून घेतलं. पण त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दार उघडं ठेवून स्वयंपाक केला.

आता पीठ शेतावर का कुटायचं, तर उडदाच्या पापडाचं पीठ कुटल्याशिवाय पापड होत नाही. तेलाचा हात लावायचा आणि उखळात घालून दणादणा मुसळाने कुटायचं, मऊ लोण्यासारखं होईपर्यंत. त्या आवाजाने स्टेशनवरचा झोपलेला हमालसुद्धा उठेल, मग चाळीची काय कथा. म्हणून जनामावशीच्या शेतावर, अर्ध्या तासाच्या चालीवर, आंब्याखाली. आम्ही सात-आठ जणी डोक्यावर पातेली घेऊन निघालो. गल्लीतून चोरासारख्या, ओळीने, चपला हातात. शेवटचं घर मागे पडलं, भाताचं उघडं शेत लागलं, आणि पुढे चाललेल्या शकुंतलाताई एकदम थांबल्या. पातेलं खाली ठेवलं. पदराचं टोक नाकाला लावलं, पाय फाकवले, आभाळाकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "कोणत्या कंपनीत?"

बस. जनामावशी मटकन खाली बसली. एकीचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. मी आयुष्यात बायकांना असं हसताना बघितलं नव्हतं. पोट धरून, बांधावर लोळून, एकमेकींच्या पाठीवर थापा मारून. तीन दिवस साठवलेलं होतं ते. "तो टॉवेल," एक म्हणायची आणि परत सगळ्या सुरू. "अगो टावेल माजा होता," टॉवेलवाल्याची बायको रडत रडत म्हणाली, "फुलाफुलांचा."

आणि मी मधे उभी. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडत गेला. तो तोंडावर दाबलेला पदर, ते लाल डोळे, ते भिंतीला धरून हलणारे खांदे. राग नव्हता तो. मी तीन दिवस ज्याला भीत होते ते हसू होतं, आणि ते बाहेर काढायला त्यांना जागा नव्हती. माणसांना ओळखायची माझी सगळी विद्या आवाजावरची. आवाज काढून घेतला तर मी अगदीच अडाणी.

मग मीही हसले. जनामावशी म्हणाली, "पोरी, तसा परत वरड बघू." मी ओरडले. आंब्यावरचं काहीतरी फडफडून उडालं. "बेस," ती म्हणाली. "दर साली इथं येऊन वरडायचा. चाळीत नाय."

त्या दिवशी आंब्याखाली तेलात बुडवून पिठाच्या लाट्या खाल्ल्या तशा मी पुन्हा कधी खाल्ल्या नाहीत. कच्चं पीठ, हिंगाचा ठसका, मिरीची आग, बोटांवरून ओघळणारं तेल. भाजलेला पापड हा सभ्य पदार्थ आहे, पाहुण्यांपुढे ठेवायचा. लाटी मात्र आपली आपल्यासाठी. पूजाला मी परवा एक दिली. आधी म्हणाली, "कच्चा आटा, आंटी?" मग दुसरी मागितली. मग तिसरी न मागता घेतली. तिला बादलीची रीत सांगितली तर इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी तिने आपल्या फ्लॅटच्या दारात नवीकोरी निळी बादली उपडी ठेवली. दहा वाजेपर्यंत सफाईवाला भंगार समजून घेऊन गेला. ती माझ्याकडे सांगायला आली तेव्हा आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून इतक्या हसलो की मला गुडघ्याचं औषध घ्यायची आठवण राहिली नाही. बादल्या गेल्या, त्यांचा अर्थ कळणारी माणसं जिन्यांतून विखुरली. पाळ्या मात्र तशाच आहेत. सात, तीन, अकरा.

पण त्या उन्हाळ्याचं सांगायचं तर, एका दिवसाच्या हसण्याने माणूस गाव विसरत नाही. पत्र तर गेलंच होतं. पेटीही मी भरत आणली होती, रोज थोडी थोडी. साड्या, आईने दिलेली भांडी, हिवाळ्यातली शाल.

ह्यांची साप्ताहिक सुट्टी आली तशी सकाळी हे म्हणाले, "चल, चिंचणीला जाऊ." लग्नानंतर पहिल्यांदा कुठे जायचं काढलं होतं त्यांनी. एसटीने गेलो. सुरूची झाडं, त्यापलीकडे समुद्र, ओहोटीमुळे लांब गेलेला. मी समुद्र पहिल्यांदा बघत होते, पण ह्यांनी मला तो नीट बघूसुद्धा दिला नाही. पाण्याच्या दिशेने बोट करून म्हणाले, "घे. ओरड."

"काय?"

"इथे कोणी झोपलेलं नाही. ओरड किती ओरडायचं ते."

तुम्हाला सांगते, कोणी ओरड म्हटलं की ओरडता येत नाही. मी तोंड उघडलं, बंद केलं. हे कमरेवर हात ठेवून उभे, माग सुरू व्हायची वाट बघतात तसे. शेवटी लाजत लाजत एक 'ओऽऽ' काढला. जवळच दांड्यांवर बोंबील वाळत घालणारी एक बाई होती. तिने हातातला बोंबील तसाच धरून विचारलं, "काय झाला गो? कोन हरवला?"

हे म्हणाले, "कोणी नाही मावशी. आवाज तपासतोय."

"मंग तिकडं जा तपासाया. इथं माजं बोंबील सुकाया हायत."

आम्ही तिकडे गेलो. मग मी ओरडले. हेही ओरडले. ह्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. परत येताना एसटीत खिडकीपाशी मी आणि शेजारी हे, पायाला वाळू चिकटलेली. वाटेतलं पास्थळ गाव मागे पडल्यावर हे समोर बघत म्हणाले, "पेटीत शाल भरली आहेस."

मी म्हटलं, "हो."

"उन्हाळा आहे."

"हो."

त्यांनी पायाची वाळू झटकली. मग म्हणाले, "म्हणजे थंडीपर्यंत नाही येणार."

त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा एसटीचा खडखडाट होता, काही बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

भाऊ आला तो आखाजीच्या चार दिवस आधी, भर दुपारी एकला. हे रात्रपाळी करून झोपलेले. आमची बादली उपडी, आणखी तिघांच्या उपड्या. मी अंगणात पापड उलटत होते. गल्लीच्या टोकावरून हाक आली, "सुमनऽऽ! ओ सुमनऽऽ! कोठे शे वं?"

तीन महिन्यांत त्या गल्लीत माझ्याशिवाय कोणी घातलेली पहिली मोठी हाक, आणि ती माझ्या माहेरची. मला आनंदाने नाचायला हवं होतं. मी मात्र पापड टाकून अनवाणी धावत सुटले आणि त्याच्या तोंडावर हातच ठेवला. पिठाचा हात. त्याच्या मिशीला पीठ लागलं.

तो माझ्या हाताआडून, डोळे विस्फारून कुजबुजला, "कोनी मरनं का?"

"कोणी नाही रे. झोपलेत."

"भर दुपारी? इतला लोके?"

आमच्या घरात दिवसा झोपणारा माणूस म्हणजे आजारी नाहीतर आळशी. त्याने एकेका बादलीकडे बघत, चवड्यांवर अंगण ओलांडलं. मागे शकुंतलाताईंनी त्याच्या चालीची नक्कल केली ती मी बघितली आणि दातांखाली ओठ दाबला. खोलीत हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले. भावाने पाणी प्यायलं, पेटीची कडी धरली, उचलून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांसाठी जाणाऱ्या बहिणीची पेटी एवढी जड नसते हे त्यालाही कळलं. त्याने हातानेच विचारलं, काय आहे हे?

मी दाराकडे बघितलं. जनामावशी उंबऱ्यात उभी होती. तिने आधी दोन्ही हातांनी हवेत पापड लाटून दाखवला. मग आठ बोटं वर केली. मग पिठाचं डबडं दाखवलं, दुसऱ्या खेपेसाठी डाळ दळून ठेवलेलं. झालं. तिचं सगळं बोलून झालं होतं.

मी पेटी खाली ठेवायला लावली. आवाज न करता उघडली. भांडी काढून फळीवर लावली. साड्यांतल्या दोन पिशवीत घातल्या, बाकी जागेवर. आईसाठी पापड घेतले, फडक्यात बांधून. भाऊ आ वासून बघत होता. शाल शेवटी राहिली. ह्यांना उठवता येत नव्हतं. झोपलेल्याला उठवायचं नाही ही रीत, आणि बायको माहेरी निघाली तरी ती मोडत नाही. मी शालीची घडी केली आणि ती खुंटीला, त्यांचा सदरा असतो तिथे, वरच अडकवली. उठल्यावर आधी तिथेच हात जातो त्यांचा.

आखाजी झाली. झोके घेतले, गाणी म्हटली, घसा बसला. आठव्या दिवशी यायचं ठरलं होतं. मी सातव्या दिवशी आले. गाडीतून उतरून स्टेशनवरून चाळीत पोचले तेव्हा दुपारचे दोन. अंगणात पोळपाटांचं रिंगण बसलेलं. शकुंतलाताईंनी मान वर केली, माझ्याकडे सात बोटं दाखवली आणि भुवया उडवल्या. जनामावशीने न बोलता आपला पोळपाट सरकवून जागा केली. मी पिशवी भिंतीला टेकवली, बसले, लाटी घेतली. पोटात केवढ्या तरी गोष्टी होत्या. कोण आलं होतं, कोणाचं लग्न ठरलं, झोक्यावरून कोण पडलं. एक शब्द बोलता येत नव्हता, आणि कोणालाही घाई नव्हती.

तीनचा भोंगा झाला. दारं उघडायला लागली. हे डोळे चोळत बाहेर आले, नळाकडे निघाले, आणि थांबले.

"आलीस?"

"आले," मी म्हटलं, आणि तिथूनच सुरू झाले. चूळ भरली तरी मी बोलत होते, चहा झाला तरी बोलत होते, जेवणं झाली तरी बोलत होते. ते ऐकत होते. रात्रपाळीचा डबा हातात घेऊन चपला घातल्या तेव्हा मी नुकती झोक्यापर्यंत आले होते. दारात वळून म्हणाले, "कोण पडलं ते उद्या सांग. तीननंतर."